मागच्या सीटवरून

गेले दोन महिने धंतोलीतल्या आमच्या घरी वरण-भाताबरोबर रोज डॉमिनार ४०० वाढली जाते. मुलाला ती घ्यायची आहे. ३७३ सीसी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, एबीएस, तेरा लिटरची टाकी. सारं त्याला तोंडपाठ! "आई, ही टूरिंगची गाडी आहे. अमरावतीवरून चिखलदरा, कंबर दुखायची नाही."

यांचं मत, स्प्लेंडरसारखी गाडी नाही. पेट्रोल पीतच नाही. सासरे त्याहून मागे जातात, "चेतक घ्यायला नंबर लावावा लागे बाप्पा!"

तिघंही बोलतात ते हँडल धरणाऱ्याच्या बाजूनं. मागे बसणारीला कोणी विचारतच नाही.

तर माझं ऐका. माझ्या बाबांकडेही चेतक होती. मी समोर उभी, मध्ये भाऊ, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली. सीट सपाट, चाक पत्र्याआड झाकलेलं, साडी अडकायची भीती कमी. बाबा ती वाकडी करून किक मारत तेव्हा आम्ही तिघं फुटपाथवर उभे. पण चाकं लहान, ब्रेक बेताचे आणि हेल्मेट कोणाच्याच डोक्यावर नाही. आज आठवलं की अंगावर काटा येतो. स्प्लेंडरची सीट लांब, धरायला मागे हँडल. तिच्यावर मी लग्नानंतरची सगळी वर्षं काढली.

आणि ही डॉमिनार? मागची सीट पुढच्यापेक्षा उंच, वेगळी. मी शोरूममध्ये साडीतच बसून पाहिलं. एका बाजूला पाय सोडून या गाडीवर लांब जायचं नाही, हे तिथंच ठरलं. ब्रेकचं म्हणाल तर मला हीच पसंत. चेतकच्या आठवणी कितीही गोड असोत, समोर अचानक ट्रक थांबला तर मला एबीएस हवं. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे पोरं जाणार जुन्याच रस्त्यांनी.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची ओढणी मुलाच्या गाडीच्या चाकात गेली. "शान जाते" म्हणून त्यानं साडीगार्ड काढून ठेवलं होतं. त्या गळ्यावर टाके घेऊन इथल्याच एका दवाखान्यात पाच दिवस होत्या. दोष गाडीचा नव्हता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला हँडल हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं, हाही कायदाच. पण आपण बायका पदर खोचतो, देवाचं नाव घेतो आणि बसतो!

मुलाला मी तीन अटी सांगितल्या. साडीगार्ड काढायचं नाही. दुसरं हेल्मेट गाडीबरोबरच घ्यायचं, आणि माझ्या मापाचं. पहिली लांब चक्कर रामटेकची, मागे मी, सलवार-कमीजमध्ये, दोन्हीकडे पाय टाकून.

पहिल्या दोन अटींना तो लगेच हो म्हणाला. तिसरीवर अजून विचार चालू आहे. मित्र काय म्हणतील, हा प्रश्न आहे म्हणे.