दुष्काळाने मेले, असं म्हणायची सोय

गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात एके काळी पाणघोडे डुंबत होते, असं जालन्यात कुणाला सांगितलं की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळतं. "लोणारला उल्का पडली ना, त्यात गेले असतील." किंवा, "हवामान बदललं, पाणी आटलं, मेले." दोन्ही उत्तरांत माणूस कुठेच नाही. ही उत्तरं लोकप्रिय आहेत ती त्यामुळेच, आणि माझा आक्षेपही त्यालाच आहे.

आधी लोणार. मंठा तालुक्याच्या हद्दीपलीकडचं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. त्याचं वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास धरलं जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरगॉन पद्धतीच्या कालमापनात ते साधारण ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. आपले प्राणी नाहीसे झाले ते गेल्या ५० हजार वर्षांत. मारेकरी खुनाच्या पाच लाख वर्षं आधीच येऊन गेला असेल, तर त्याला निर्दोष सोडायला हवं. जुनं वय खरं मानलं तरी एवढ्या विवराचा तडाखा आसपासचा मुलूख भाजतो, उपखंडातल्या जाती संपवत नाही. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा ७४ हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक याहून कितीतरी मोठा होता, त्याची राख भारतभर पडली. हे प्राणी त्यातूनही तगले.

गेलं कोण? खांद्यापाशी चार मीटरहून उंच असलेला नर्मदा-गोदावरीचा हत्ती, ज्याच्या गोदावरीच्या गाळातल्या अवशेषांवर पिल्ग्रिमने १९०५ सालीच लिहिलं होतं. त्याचा दूरचा भाईबंद स्टेगोडॉन. पाणघोडा. रानबैल. शिवाय शहामृग. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर माणसाने कोरलेली नक्षी सापडली आहे. म्हणजे माणूस तिथे होता, आणि ते कवच त्याच्या हातात होतं.

आता हवामान. ते बदललं, पावसाळा क्षीण झाला, हे खरंच आहे. पण या प्राण्यांच्या पूर्वजांनी हिमयुगांचे कितीतरी फेरे पाहिले होते. तेव्हाही नद्या आटल्या, गवत वाळलं, आणि पाऊस परतल्यावर कळप पुन्हा वाढले. शेवटच्या फेऱ्यातच ते का वाढले नाहीत? अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली भारतीय उपखंडातल्या नोंदी एकत्र तपासल्या. त्यांच्या मते या विलोपनाचा मेळ हवामानापेक्षा आधुनिक माणसाच्या येण्याशी अधिक बसतो.

यावर एक रास्त प्रश्न येतो: मग भाल्याने मारलेल्या हत्तींचे सांगाडे कुठे आहेत? दख्खनमध्ये असा थेट पुरावा मिळालेला नाही. पैठणजवळच्या मुंगी इथे १८६०च्या दशकात हाडांच्या थरात अकीक दगडाचं पातं सापडलं, पण एकत्र सापडणं म्हणजे शिकार नव्हे. मात्र सर्रास कत्तल व्हावी लागतच नाही. हत्तीण २२ महिने गाभण असते आणि चार-पाच वर्षांनी एखादं पिल्लू देते. अशा कळपातून दरवर्षी जन्मापेक्षा दोन-चार जनावरं जास्त गेली, तर हजार वर्षांत कळप संपतो. मारणाऱ्यांच्या एकाही पिढीला आपण काही संपवतोय, याचा पत्ताही लागत नाही.

आणि इथेच मराठवाड्याच्या माणसाने "दुष्काळाने मेले" हे वाक्य सगळ्यांत आधी नाकारायला हवं. पाऊस कमी पडणं निसर्गाचं. दुष्काळ पडणं म्हणजे उरलेलं पाणी कुणाकडे गेलं, याचा हिशेब. २०१२-१३मध्ये जालन्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या, त्याच काळात मराठवाड्यात ऊस उभा होता. पावसाळा क्षीण झाला तेव्हा पाणघोडे उरल्यासुरल्या डोहांत गोळा झाले असणार, आणि त्याच डोहांच्या काठी माणसांचेही तळ पडले असणार. हवामान की माणूस, हा वादच चुकीचा मांडला जातो. हवामानाने त्यांना कोपऱ्यात लोटलं, आणि त्या कोपऱ्यात आपण बसलो होतो.

तरीही भारतात अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाइतका संहार झाला नाही. आपला हत्ती, गेंडा, गवा टिकले. एक समजूत अशी की इथल्या प्राण्यांची लाखो वर्षं मानवसदृश जातींशी गाठ पडत होती, त्यामुळे त्यांना माणसाची भीती ठाऊक होती. त्याचं श्रेय आपल्या संस्कृतीला देऊ नये. ते प्राण्यांच्या सावधपणाला द्यावं.

हे उकरून काढायचं कारण आजचं आहे. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगर भागात अभयारण्य जाहीर झालं, आणि आज तो महाराष्ट्रात दिसलाच तर बातमी होते. गणित पाणघोड्याचंच आहे. कारणंही तीच सांगितली जातात: पाऊस, गवत, नशीब. अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठी वाळूसाठी यंत्रं चालतात तेव्हा जुना थर उघडा पडून एखादं हाड निघालंच, तर ते ट्रॉलीत जाण्याआधी कुणी पाहील का? आपण काय संपवलं याचा कागद तेवढाच उरला आहे, आणि तोही आपणच उपसतो आहोत.