ट्रामचा रूळ नेमका कोणाला अडतो?



कलकत्त्यात २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदाह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम धावली. १९०२ मध्ये ती विजेवर आली. २०२३ साली दीडशे वर्षे झाली म्हणून हारतुरे झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केले की एस्प्लनेड ते मैदान एवढी हौसेची गाडी ठेवू, बाकी ट्राम बंद! म्हणजे कामावर जाणाऱ्याची गाडी काढायची आणि पर्यटकाचे खेळणे ठेवायचे.

सबब काय? शहरात रस्ते जेमतेम सहा टक्के, ट्राम संथ, तिच्यामुळे वाहतूक तुंबते. ठीक आहे. रस्ता एवढा तोकडा असेल तर त्यावर पहिला हक्क कोणाचा? दोन डब्यांची ट्राम शंभर माणसे सहज नेते. तीच माणसे मोटारीतून न्यायची तर, मोटारीमागे दोघे धरले तरी, पन्नास मोटारींची रांग लागते. मग अडवणूक कोण करतो?

ट्राम संथ का झाली, तेही ऐका. राशबिहारी ॲव्हेन्यूसारख्या रस्त्यांवर मधोमध ट्रामचा राखीव मार्ग होता. तो काँक्रीटने सपाट करून मोटारींना मोकळा केला. ट्राम त्यांच्यामागे अडकली. आपल्या मेन लाइनवर ट्रक सोडले तर राजधानी वेळेवर येईल काय?

ही युक्ती आपल्याला नवी नाही. आधी गाड्या कमी करायच्या, भरती थांबवायची, दुरुस्ती टाळायची. मग उतारू नाहीत, तोटा होतो म्हणून टाळे लावायचे. तारखात्याचे काय झाले हे टपालातील साथी जाणतात. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली.

आणि सत्तेवर कोणता झेंडा होता हे विचारून उपयोग नाही. १९९३ मध्ये हावडा पुलावरची ट्राम बंद झाली तेव्हा राज्य डाव्या आघाडीचे होते. २०११ नंतर सरकार बदलले, मार्ग मात्र एकेक करून मिटतच गेले. डेपोंच्या मोक्याच्या जमिनींवर डोळा दोघांच्याही काळात होता. रूळ डांबराखाली बुजवण्याबद्दल जानेवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाला सरकारला फटकारावे लागले!

मेट्रो आहे ना, असे कोणी म्हणेल. १९८४ पासूनची ती मेट्रो आपल्या रेल्वेचीच आहे, तिचा अभिमान आहे. पण दोन स्टॉपसाठी म्हातारी बाई जिने उतरून भुयारात जाणार नाही. श्यामबाजार ते एस्प्लनेड ट्राममार्गावर कॉलेज स्ट्रीट आहे, विद्यापीठ आहे, मेडिकल कॉलेज आहे. रोगी, विद्यार्थी, हमाल यांना दारात थांबणारी स्वस्त गाडी हवी.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती थोड्या ताकदीत फिरते, हे रेल्वेवाल्याला शिकवायला नको. धूर नाही, टायर झिजत नाही, बॅटरी लागत नाही. पॅरिसने ट्राम उखडून टाकली होती. १९९२ मध्ये ती परत आणावी लागली. आपल्या मुंबईत ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर-दादर शेवटची ट्राम धावली. रस्ते मोकळे झाले काय? उत्तर रोज संध्याकाळी दादरला उभे राहून पाहा.

१९५३ साली इंग्रज कंपनीने ट्रामचे भाडे एका पैशाने वाढवले तेव्हा सारे कलकत्ता रस्त्यावर उतरले आणि वाढ मागे घ्यावी लागली. एका पैशासाठी लढणारे शहर आज सबंध ट्राम गमावत आहे.

म्हणून आपल्या फेडरेशनने आवाज उठवावा. बुजवलेले रूळ उघडा. ट्रामचा मार्ग पुन्हा राखीव करा. डेपोची एक इंचही जमीन विकू नका. ड्रायव्हर, कंडक्टर आणि वर्कशॉपमध्ये कायम भरती करा.

आज ट्रामचा रूळ बुजला, तर उद्या कोणाचा?

कामगार एकजुटीचा विजय असो!