परदेशातून आणलेल्या गोळ्या

मे महिना लागला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. एरवी शेजारच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून येणारे आजोबा या दिवसांत मुलगा, सून आणि नातवंडांसह येतात. मुलाच्या हातात मोठी पिशवी असते. ती टेबलावर उपडी केली की व्हिटॅमिनच्या गोळ्यांचे मोठाले डबे, गुडघ्यांना लावायचे मलम, साखर मोजायचे यंत्र, रक्तदाबाचे यंत्र असे काय काय बाहेर पडते. "डॉक्टरसाहेब, यातलं बाबांना काय काय सुरू करायचं ते सांगा," असे मुलगा म्हणतो. बाबा कौतुकाने त्या ढिगाकडे पाहत असतात. त्यांच्या पायावरची सूज मात्र घरात अजून कोणी पाहिलेली नसते.

आपल्या जिल्ह्यातील मुले आता अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दुबई असे सगळीकडे आहेत. वर्षा-दोन वर्षांतून ती तीन आठवड्यांच्या सुटीवर भंडारा-तुमसरला येतात. या तीन आठवड्यांत आई-वडिलांच्या प्रकृतीचे भले व्हायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत उलटे होते. आज याच विषयावर मला थोडे स्पष्ट लिहायचे आहे.

आधी त्या पिशवीविषयी. लाखनीकडचे एक सेवानिवृत्त गुरुजी एके दिवशी सकाळीच घाबरून दवाखान्यात आले. मुलाने लंडनहून आणलेल्या यंत्रावर त्यांची साखर '९' आली होती! साखर इतकी उतरली म्हणजे आता आपले काही खरे नाही, असे समजून त्यांनी घरीच चार चमचे साखर खाल्ली आणि वर गुळाचा खडाही चघळला. मी तपासली तेव्हा ती अर्थातच भरपूर वाढलेली होती. प्रकार साधा होता. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत साखर मोजण्याचे परिमाण वेगळे आहे. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. म्हणजे गुरुजींची साखर ९ नव्हे, १६२ होती. अमेरिकेतील यंत्राचे परिमाण आपल्यासारखेच असते, पण त्याच्या पट्ट्या आपल्याकडे मिळतीलच असे नाही. सोबत आलेल्या पट्ट्या संपल्या की यंत्र शोकेसमध्ये जाते. अमेरिकेतील विजेचा दाब ११० ते १२० व्होल्ट, आपला २३०. तेथील काही उपकरणे इथल्या प्लगात लावताच जळतात.

औषधांचेही तसेच. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ॲसिटॲमिनोफेन म्हणतात. तिकडून आणलेली तापाची गोळी आणि इथली क्रोसिन ही दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. एकाच औषधाचा असा दुप्पट डोस यकृताला महाग पडू शकतो.

पण या लहान अडचणी झाल्या. मोठी अडचण मला माझ्याच घरात कळली आणि फार उशिरा कळली.

१९९४ ते २००३ या काळात मी मस्कतला नोकरी करीत होतो. मुलांच्या शाळेला सुटी लागली की जून-जुलैमध्ये गावी यायचो. मुंबईला विमानातून उतरायचे, मग रात्रभराची रेल्वे, भंडारा रोड स्टेशन आणि तेथून पवनी तालुक्यातील आमचे गाव. आईला रक्तदाबाचा विकार होता. दरवर्षी मी तिच्यासाठी तिकडून गोळ्या आणायचो. २००० साली जुलैच्या मध्यावर परत निघताना मी तिच्या हाती १८० गोळ्या दिल्या. रोज एक याप्रमाणे सहा महिने पुरतील, नंतर भंडाऱ्याच्या दुकानातून हेच औषध घ्यायचे, असे सांगून नावही कागदावर लिहून दिले. मी स्वतः डॉक्टर. आपले कर्तव्य आपण चोख केले, अशा समाधानात विमानात बसलो.

२००१ च्या फेब्रुवारीत धाकट्या भावाचा फोन आला. आईला लकवा मारला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. मी चौथ्या दिवशी गावी पोहोचलो. तिचे कपडे काढायला गोदरेजचे कपाट उघडले, तर नेसायच्या नव्या लुगड्याच्या घडीत गोळ्यांची पाकिटे नीट गुंडाळून ठेवलेली होती. मी मोजल्या. ७४ गोळ्या शिल्लक होत्या. वास्तविक जानेवारीच्या मध्यावर त्या संपायला हव्या होत्या. आई एक दिवसाआड गोळी घेत होती.

कित्येक महिन्यांनी तिची वाचा थोडी परतली, तेव्हा मी विचारले. ती अडखळत म्हणाली, "तू येईपर्यंत पुरवाच्या होत्या ना, बाबू."

इथल्या दुकानातली गोळी तिच्या लेखी लेकाच्या गोळीइतकी चांगली नव्हती. आणि रोज घेतल्या असत्या तर लेकाने दिलेली वस्तू संपली असती. ती पुढे चार वर्षे जगली, पण पूर्वीसारखी चालली-बोलली नाही. एक दिवसाआड गोळी घेतल्यानेच लकवा झाला, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. परंतु अर्धवट औषधावर राहिलेला रक्तदाब हे लकव्याचे मोठे कारण आहे, हे मी रोज रुग्णांना सांगत आलो आहे. ते मी माझ्या आईला सांगितले नव्हते. मी तिला गोळ्या दिल्या होत्या.

म्हणून माझे पहिले मत असे की, रोजच्या आजाराची औषधे परदेशातून आणू नयेत. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची चांगली औषधे भंडाऱ्यात मिळतात आणि स्वस्तही मिळतात. आई-वडिलांचे औषध असे असावे की जे संपल्यावर शेजारच्या पोराला पाठवून तासाभरात आणता येईल. सुटीवर आलेल्या मुलाने डबे आणण्यापेक्षा घरात आधीच किती गोळ्या पडून आहेत त्या मोजाव्यात. शिल्लक गोळ्या आई-वडिलांपेक्षा जास्त खरे बोलतात. त्या मोजताना रागावू मात्र नये. रागावलेल्या मुलापासून आई पुढच्या वर्षी आणखी आत लपवील.

दुसरे मत तपासणीविषयी. "आता व्हिडिओवर रोज बोलणं होतं, सगळं कळतं," असे मुले म्हणतात. फोनवर चेहरा दिसतो आणि चेहऱ्यावर हसू असते. पाय दिसत नाहीत. मधुमेही माणसाच्या तळव्याला झालेली जखम, उठताना जाणारा तोल, भाकरीचा एक तुकडा चावायला लागणारा वेळ, टीव्हीचा वाढलेला आवाज, दोनदा विचारलेला तोच प्रश्न हे सारे घरात राहूनच दिसते. तुम्ही इथे असता तेव्हा तुमचे डोळे हेच सर्वांत मोठे यंत्र आहे.

तपासणी करायची तर ती पहिल्या आठवड्यात करावी. बहुतेक मंडळी परतीच्या आदल्या दिवशी आई-वडिलांना माझ्याकडे आणतात. मग एखादा रिपोर्ट वाईट आला की मुलगा विमानात आणि वडील घोरात. पहिल्या आठवड्यात रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, मोतीबिंदू, दात, कान एवढे पाहिले की उरलेल्या दोन आठवड्यांत औषध बदलून त्याचा परिणामही पाहता येतो. आणखी एक काम याच वेळी उरकावे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. त्याचे कार्ड आधारवरून काढावे लागते. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही, तुम्हाला अर्ध्या तासात जमेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो आई-वडिलांकडूनच येतो. "लेकरं चार दिवस आली आहेत, त्यांत दवाखाना कशाला?" माझ्या ओळखीतील एका बाईंनी छातीतील गाठ सून-मुलगा परत जाईपर्यंत सांगितली नाही. आनंदात विरजण नको, एवढाच त्यांचा विचार. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केले असते. पण पालकहो, तुम्ही लपवलेला आजार जात नाही, तो फक्त मुलगा सात समुद्रापार गेल्यावर बाहेर येतो. तेव्हा त्याला दोन दिवसांचा प्रवास, रजेची विनवणी आणि आयुष्यभराची बोच एवढेच उरते. इथे असताना सांगितलेत तर एक दिवस वाईट जाईल, बाकीचे तुमच्या उपयोगी पडतील.

तिसरी गोष्ट पाहुणचाराची. नवतपा सुरू असतो, पारा ४५ अंशांवर गेलेला असतो आणि सत्तरीची आई गॅसपुढे उभी राहून पाटवड्या थापीत असते. कारण नातवाला आवडतात! उतारवयात तहान कमी लागते, घाम कमी येतो, शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातील पाणी कमी करणाऱ्या असतात. अशी आई दुपारी चक्कर येऊन पडली तर नवल नाही. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकावा आणि तो आलेल्यांनी करावा. मुलाला घ्यायला वडिलांनी भर दुपारी नागपूरच्या विमानतळावर साठ किलोमीटर जाण्याचेही कारण नाही. मुलगा पन्नाशीला आला आहे, त्याला घर सापडते.

आलेल्यांनाही ऊन बाधते. थंड देशातून आलेल्या शरीराला आपल्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी लग्नाला नेऊ नये. मुलांना वरचेवर पाणी, ताक, पन्हे द्यावे. जुलाब लागल्यास ओआरएसचे पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात, बहुधा एक लिटर, पूर्ण मिसळून थोडे थोडे पाजावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात घालणे धोक्याचे आहे.

जूनमध्ये पाऊस पडला की डासांची पाळी येते. "मी इथलाच, मला काय होतं?" असे म्हणणारे अनेक जण असतात. मलेरियाविरुद्ध शरीराने मिळवलेली थोडीफार ताकद परदेशात राहून ओसरते आणि तिकडे जन्मलेल्या मुलांना ती कधी नव्हतीच. पर्यटकांपेक्षा नातेवाइकांकडे येणाऱ्या प्रवाशांना मलेरिया आणि टायफॉइड अधिक होतात, कारण ते मच्छरदाणी, लस, उकळलेले पाणी यांचा विचारच करीत नाहीत. निघण्यापूर्वी महिनाभर आधी तिकडच्या डॉक्टरांना विचारून टायफॉइड आणि हिपॅटायटिस-ए च्या लसी घ्याव्यात. सहा महिन्यांवरील तान्ह्या बाळाला गोवराची लस लवकर द्यावी लागते का, तेही विचारावे. कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी मुलाने सांगितले पाहिजे. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. आणि परत गेल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला, तरी "आम्ही भारतात जाऊन आलो" हे वाक्य तिकडच्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे. मलेरियाचा एक प्रकार यकृतात दडून राहतो व नंतर डोके वर काढतो.

शेवटी एक कानगोष्ट आम्हा डॉक्टरांसाठी आणि मुलांसाठीही. सुटीवर आलेला मुलगा इंटरनेटवर वाचून इथल्या डॉक्टरांची दोन औषधे बंद करतो, आणि आम्ही "परदेशात राहून शहाणा झालाय" म्हणून त्याचे प्रश्न उडवून लावतो. दोघांच्या भांडणात गोळ्या बंद होतात त्या आईच्या. मुलाने प्रश्न जरूर विचारावेत, आम्ही उत्तर द्यावे, आणि ठरलेले औषध एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून भिंतीवर लावावे. निघण्यापूर्वी पुतण्या, शेजारी, भाचा अशा एका जवळच्या माणसाला सोबत आणून माझ्याशी ओळख करून द्यावी आणि रात्री-अपरात्री निर्णय कोणी घ्यायचा ते सर्वांसमक्ष ठरवावे. मुले गेल्यावर पहिले दोन आठवडे घर खायला उठते. जेवण कमी होते, झोप जाते, गोळ्या चुकतात. त्या माणसाने या दिवसांत रोज एक चक्कर मारावी.

२००३ साली मी मस्कत सोडून कायमचा इकडे आलो, तेव्हा आईजवळ दोन वर्षे राहता आले. रोज सकाळी भंडाऱ्याच्या दुकानातली गोळी मी स्वतः तिच्या तळहातावर ठेवायचो. ती निमूटपणे घ्यायची. मग डाव्या हाताने रिकामे पाकीट उचलून उशीखाली ठेवायची. ते मी कधी काढून घेतले नाही.