जमिनीचा विनियोग कोण ठरवणार?

मराठवाड्यातील दुष्काळाची चर्चा पावसापासून सुरू होते आणि टँकरपाशी संपते. जमिनीपर्यंत ती क्वचितच पोहोचते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. पिके गेली, शेतांतील माती वाहून गेली. या दोन निरनिराळ्या आपत्ती आहेत असे समजून सरकार दोन्ही वेळा पंचनामे करते. हवामान बदलते आहे हे खरेच. परंतु पाणी धरून ठेवण्याची शक्ती गमावलेल्या भूमीवर त्याचा आघात दुप्पट होतो.

जालन्याच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत. हा साठा मुळातच मर्यादित आहे. त्यात वनक्षेत्र अत्यल्प. म्हणून माथ्यावरचे गायरान, नाल्यांचे काठ आणि कुंडलिका, दुधना, पूर्णा यांची पात्रे हीच येथील खरी जलसंपत्ती होय. नेमक्या याच जमिनींना धनी नसल्याने मुरूम, वाळू व भूखंड यांचा व्यापार प्रथम त्यांच्यावर तुटून पडतो.

निजामकाळात जालना शहरासाठी बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळाने भरला, तेव्हा नागरिकांनी पुढाकार घेऊन तो उपसला. हे काम स्तुत्यच होते. पण गाळ तलावात जन्मत नाही. तो वरच्या उघड्या जमिनीवरून येतो. पाणलोटाचा विनियोग बेबंद राहिला, तर पुढच्या पिढीला तोच गाळ पुन्हा उपसावा लागेल.

याउलट कडवंचीचे उदाहरण आहे. तेथे १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन कार्यक्रमाखाली, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे झाली आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. परंतु अडवलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न पाणलोटाच्या नकाशाने सुटत नाही. विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात साठवले, की सर्वांचे भूजल एकाच्या मालकीचे होते. नायगावच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे यांनी माणशी पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी, असे नियम घातले होते. शिस्तीवाचून संधारण म्हणजे सबळांची सोय, हेच त्यांनी ओळखले होते.

कायद्याची साधने नाहीत असे नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील प्रादेशिक योजनेत जमिनीची धूप रोखणे, वनीकरण, पूरनियंत्रण व नदीप्रदूषणास प्रतिबंध या बाबी येतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीवर पाण्याची वाटणी व पर्यावरणरक्षण विचारात घेऊन आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. प्रत्यक्षात समितीच्या बैठका निधीच्या वाटपात संपतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, औद्योगिक क्षेत्र वाढले. कोणती जमीन कशासाठी, याचा निर्णय मात्र बाजारभावावर सोडला गेला.

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. पर्यावरणाच्या नावाखाली पहिला बुलडोझर गायरान कसणाऱ्या भूमिहीनावर चालवला जातो. दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा वारसा सांगणाऱ्यांना हे मान्य होणे शक्य नाही. पोटासाठी कसलेले दोन एकर आणि विक्रीसाठी पोखरलेली टेकडी यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. कसणाऱ्यांचे हक्क आधी नोंदवावेत. उरलेले माथे व चराऊ राने ग्रामसभेच्या ताब्यात द्यावीत. आणि बंधनांचा पहिला भार सर्वांत अधिक पाणी उपसणाऱ्यांवर टाकावा.

जिल्ह्याची प्रादेशिक योजना पाणलोटाच्या आधारे, ग्रामसभांच्या संमतीने आणि बंधनकारक स्वरूपात व्हावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी आता गावोगाव नेली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक गावाने आपले गायरान, नाले आणि विहिरी यांची नोंद स्वतः करावी. लोकांनी नियोजन केले नाही तर नियोजन होणार नाही असे नाही. ते भूखंडाचे दलाल करतील.