रात्री अकराचा मेसेज

शीव कोळीवाड्यातली गरोदर बाई सकाळी तपासणीला येते, तेव्हा तिच्या वाट्याला आपली फार तर चार-पाच मिनिटं येतात. वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या, पुढची तारीख. ‘झोप लागते का?’ हे विचारायचं राहून जातं. मग ते ती रात्री अकराला मोबाइलवरच्या गटात बोलते. उत्तर देते तीही तिच्यासारखीच सातव्या महिन्यातली, झोप न लागलेली. दोघींचं माहेर लांब, कोकणात नाहीतर उत्तर प्रदेशात.

या गटांच्या नावानं नाकं मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ग्रहणात सुरी धरू नये, पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी, हे तिथं चालतं खरं. पूर्वी ते चाळीच्या नळावर चालायचं. नळ बंद करा, असं तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं.

गटाकडून अपेक्षा काय ठेवायची, हे मात्र नीट ठरवायला हवं. शीव रुग्णालयात १९८९ साली दूधपेढी सुरू करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था काढली. मुंबईतल्या ४८ वस्त्यांच्या चाचणीत ‘स्नेहा’नं २४ वस्त्यांत बायकांचे गट बसवले. २०१२ साली निष्कर्ष छापून आला: नवजात बालकांचे मृत्यू घटले नाहीत. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेच्या गटांनी मात्र ते ३२ टक्क्यांनी कमी केले होते, तिसऱ्या वर्षी मातांमधलं मध्यम तीव्रतेचं नैराश्यही ५७ टक्क्यांनी उतरलं. आमच्या मते शहरातल्या गटाचं खरं काम या दुसऱ्या आकड्यात आहे. बाळ वाचवायला रुग्णालयच लागतं. गटानं आईचं मन सांभाळावं.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं नैराश्य असलेल्या २८० गरोदर बायकांबरोबर हेच करून पाहिलं. त्यांच्याच भागातल्या बायका ‘सखी’ म्हणून घरी जात. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखी भेटलेल्यांपैकी ७३ टक्के बायका नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, इतरांपैकी ६० टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण सखी डॉक्टर नव्हत्या हे लक्षात घ्या. त्यांना प्रशिक्षण होतं आणि अडलं तर विचारायला पाठीशी माणूस होतं. मोबाइलवरच्या गटात नेमकं हेच नसतं. ‘जीव नकोसा झालाय’ असा मेसेज पडला, की खाली हात जोडलेली चित्रं येतात आणि विषय संपतो.

म्हणून प्रत्येक दवाखान्यानं आपल्या भागातल्या अशा गटात एक आरोग्यसेविका बसवावी, उपदेशाला नव्हे, ऐकायला. असा मेसेज आला तर तिनं कुणाला उठवायचं, हे आधी ठरलेलं असावं. गटात घेण्यापूर्वी फोन कुणाचा, हेही विचारा. तो नवऱ्याच्या खिशात असेल तर सासूविषयी ती त्यावर काय लिहिणार?

आणि हे सगळं जमेपर्यंत ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिच्या कार्डामागे स्वतःच्या हातानं लिहून द्या. तो रात्री अकरालाही चालू असतो.