सुवर्णमहोत्सव कोणाचा?

एखाद्या संस्थेला पंचवीस, पन्नास किंवा शंभर वर्षे झाली म्हणजे सोहळा करावा, ही रीत साऱ्या जगात आहे. देऊळ असो, शाळा असो, मंडळ असो की दुकान असो, हार-तुरे आणि भाषणे ठरलेलीच. आपल्या बेटावरही अशा सोहळ्यांची वाण नाही. परंतु ज्याचा सोहळा त्याच्यावर ज्यांनी आयुष्यभर जीव लावला, त्यांच्या मनात त्या दिवशी काय चालते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो आज करावासा वाटला. त्याला निमित्त झाले अमेरिकेतील एका करमणूक-उद्यानाचे.

इलिनॉय राज्यात, शिकागो शहराच्या उत्तरेस, गर्नी नावाचे गाव आहे. तेथे २९ मे १९७६ रोजी ‘ग्रेट अमेरिका’ हे उद्यान उघडले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी २०० वर्षे होत होती. तो मुहूर्त साधून हॉटेलांच्या धंद्यात नाव कमावलेल्या मॅरियट कंपनीने दोन जुळी उद्याने बांधली. पहिले त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे उघडले आणि दुसरे गर्नीला. जुन्या अमेरिकेची चित्रे मांडावीत तसे उद्यानाचे भाग पाडलेले होते : गावचा चौक, ग्रामीण जत्रा, युकॉनचा मुलूख, कोळ्यांचे बंदर, न्यू ऑर्लीन्सची गल्ली. दरवाज्यातून आत गेले की समोर पाण्याचा तलाव आणि त्यापलीकडे ‘कोलंबिया’ नावाचा, सुमारे शंभर फूट उंचीचा, दुमजली घोड्यांचा मेरी-गो-राउंड. २०२६ च्या मे महिन्यात या उद्यानाला पन्नास वर्षे होतात.

मॉरिशसच्या मराठी माणसाला त्याचे काय, असे वाचक विचारतील. सांगतो. शिकागोच्या पश्चिमेस नेपरव्हिल हे शहर आहे. १९७० साली तेथे पंचवीस हजार माणसेदेखील नव्हती. २०२० च्या जनगणनेत ती दीड लाखाच्या घरात गेली. १९६५ साली अमेरिकेने परदेशातून येणाऱ्यांविषयीचा कायदा बदलला आणि त्यानंतर हिंदुस्थानातून इंजिनियर, डॉक्टर, शास्त्रज्ञ तिकडे जाऊ लागले. नेपरव्हिलला टेलिफोनच्या संशोधनासाठी नावाजलेली बेल लॅबोरेटरी होती. तिच्यासारख्या ठिकाणी नोकऱ्या मिळाल्या, घरे झाली, मुले वाढली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. आमच्या एका चुलत बहिणीचे सासर तेथलेच. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, लहानपणी आईवडिलांबरोबर तेथे गेले आणि तेव्हापासून या उद्यानाचे निस्सीम भक्त आहेत. पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने त्यांनी आम्हास एक लांबलचक पत्र लिहिले. ते वाचून वाटले, हे केवळ पाळण्यांविषयी नाही.

त्यांच्या आठवणी आपल्यालाही ओळखीच्या वाटतील. पुण्या-मुंबईहून कोणी पाहुणे आले की त्यांना शिकागोचा सिअर्स टॉवर दाखवायचा आणि एक दिवस ग्रेट अमेरिकेला न्यायचे, हा त्या घरांचा शिरस्ता. सकाळी आईने पोळी-भाजीचे डबे भरायचे, ऐंशी-एक किलोमीटर मोटारीने जायचे आणि दुपारी गाडीतळावर मोटारीच्या आडोशाने ते डबे उघडायचे. नऊवारीतील आजी कोलंबियाच्या घोड्यावर बसायला तयार होईना. शेवटी ती लाकडी रथात बसली आणि उतरायलाच तयार होईना. ‘शाळेत मी परका होतो, तिथल्या रांगेत मात्र सगळ्यांसारखाच एक मुलगा होतो,’ असे भावोजी लिहितात. परक्या मुलखात वाढणाऱ्या मुलाला एखादी जागा आपली वाटणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या पूर्वजांनी या बेटावर पहिल्यांदा गणपती बसवला तेव्हा त्यांना जे वाटले असेल, त्याचाच हा एक धाकटा नातेवाईक.

मग पन्नासावे वर्ष म्हणजे आनंदच आनंद असायला हवा. पण पत्रातला पुढचा सूर निराळा आहे. पन्नास वर्षे नेमकी कोणाची झाली, असे ते विचारतात. ज्या मॅरियट कंपनीने उद्यान बांधले तिने ते १९८४ सालीच विकले. घेणाऱ्या बॅली कंपनीने ते आपल्या ‘सिक्स फ्लॅग्स’ या साखळीत ओवले, आणि पुढे त्या साखळीचेही धनी बदलत गेले. १ जुलै २०२४ रोजी ती ‘सीडर फेअर’ या दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिसळली. १९७६ साली उभा केलेला तिहेरी आकाशपाळणा २००० साली उतरला. १९८८ साली आलेला, सात वेळा माणसाला उलटा करणारा ‘शॉकवेव्ह’ २००२ नंतर गेला. १९९० चा ‘आयर्न वुल्फ’ २०११ साली उपटून मेरीलँड राज्यातील याच कंपनीच्या दुसऱ्या उद्यानात नेला. तेथे त्याचे नाव दोनदा बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते उद्यानच बंद झाले.

जुळ्या भावाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. मॅरियटने विकल्यावर सांता क्लाराचे उद्यान निराळ्या हातांत गेले. २०२४ च्या एकत्रीकरणाने दोघे चाळीस वर्षांनी पुन्हा एकाच मालकाकडे आले. परंतु त्याआधीच, २०२२ साली, सांता क्लाराच्या उद्यानाखालची जमीन ३१ कोटी डॉलरना प्रोलॉजिस या गोदामे बांधणाऱ्या कंपनीला विकली गेली होती. करारानुसार ते उद्यान फार तर २०३३ पर्यंत चालायचे आहे. तेथल्या लोकांचे प्रेम आटले म्हणून हे झाले नाही. सिलिकॉन व्हॅलीत जमिनीचा भाव पाळण्याच्या तिकिटाला झेपेना, एवढेच. दोघे एकाच वर्षी जन्मले. दोघांचीही पन्नाशी एकाच वर्षी, पण एकाने पुढच्या पन्नास वर्षांच्या गोष्टी कराव्यात आणि दुसऱ्याने उरलेले हंगाम मोजावेत!

पत्रात आणखी एक मजकूर आहे, तो खास मराठी मनाचा. २०२५ साली या उद्यानात एक नवा रोलर कोस्टर आला. त्याचे नाव ‘रॅथ ऑफ राक्षस’, म्हणजे राक्षसाचा कोप. उंची १८० फूट. गाडी कड्यावर क्षणभर अडते आणि मग सरळ खाली, किंबहुना थोडी आतल्या बाजूला वळून, कोसळते. आपल्या आजीच्या गोष्टींतला शब्द इलिनॉयच्या आभाळात एवढा उंच चढलेला पाहून भावोजींना हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. शब्द गेला, पण त्याच्या मागची गोष्ट बरोबर गेली नाही. आपल्या कथांतले राक्षस केवळ भिववीत नाहीत; ते तप करतात, वर मिळवतात, गर्वाने चुकतात, आणि बिभीषणासारखा एखादा भावाला सोडून न्यायाच्या बाजूने उभा राहतो. रांगेत उभ्या असलेल्या एका गोऱ्या मुलाला भावोजींनी ही गोष्ट सांगितली. तो म्हणे सगळी ऐकून, ‘मग हा चांगला होता की वाईट?’ असे विचारता झाला. शिक्षक म्हणून आम्हास वाटते, की त्या रांगेत त्या दिवशी एक उत्तम धडा झाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा गृहस्थ कुरकुऱ्या दिसतो. आवडत नसेल तर जाऊ नये. पण ध्यानात घ्या, ते राक्षसाच्या रांगेत उभे होते! नवे आले की पहिल्या आठवड्यात जाणारे हेच, आणि जुने गेले की हळहळणारेही हेच. यात लबाडी नाही. यंत्रे झिजतात, सुटे भाग मिळेनासे होतात. वर्षानुवर्षे तेच दाखवले तर गर्दी ओसरते, आणि तिकिटे खपली नाहीत तर मालकाला गोदामवाल्याचा निरोप गोड वाटू लागतो. जुन्याला जगवायचे तर नव्याची मिळकत हवी. भावोजी हे जाणतात, आणि सोहळ्यात त्यांचा पाय अडखळतो तो यामुळेच. बदलू नये असे त्यांचे म्हणणे नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवताना ज्यांनी जीव लावला त्यांना कोणी विचारणार की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

एकदा तरी तो विचारला गेला. त्या उद्यानात १९७६ पासून ‘विझर’ नावाचा एक लहान रोलर कोस्टर आहे. जर्मनीचे अँटन श्वार्झकोफ यांनी तो रचला. उंची जेमतेम सत्तर फूट. गाडीला साखळी ओढत नाही. ती आपल्याच विजेच्या मोटारीवर गोल वळसे घेत वर चढते आणि मग झाडांमधून उतरत जाते. बसणारे एकामागे एक बसतात, त्यामुळे बापाच्या पुढ्यात मूल बसू शकते. २००२ साली कंपनीने जाहीर केले, की नव्या ‘सुपरमॅन’साठी जागा हवी, तेव्हा विझर काढणार. लोकांनी एवढी ओरड केली, की कंपनीला बेत बदलावा लागला. विझर राहिला, आणि त्याच्या जागी मोठा, नवा, अधिक उंच शॉकवेव्ह गेला. कॅलिफोर्नियातला विझरचा जोडीदार मात्र १९८८ नंतरच नाहीसा झाला होता. जगात अधिक वेगाचे पाळणे शेकडो आहेत. लोकांनी वाचवला तो हा, कारण ज्यावर आपण बापाच्या पुढ्यात बसलो त्यावर आपल्या मुलाला पुढ्यात घेऊन बसता येते.

आता नेपरव्हिलकडेच वळू. शहराचा सोहळा कसा करावा, याचा धडा त्या गावाने स्वतःच घालून दिला आहे. जोसेफ नेपर यांनी ही वस्ती १८३१ साली वसवली. १९३१ साली शंभर वर्षे झाली तेव्हा अमेरिकेत मंदी होती, लोकांच्या हातांना काम नव्हते. तशा काळात गावकऱ्यांनी दगडाच्या जुन्या खाणीचे पोहण्याचे तळे केले. ‘सेंटेनियल बीच’ म्हणून ते आजही उन्हाळ्यात मुलांनी भरलेले असते. १९८१ साली दीडशे वर्षे झाली तेव्हा ड्यूपेज नदीच्या काठाने गावकऱ्यांनी श्रमदानाने पायवाट बांधली. ती ‘रिव्हरवॉक’ आज नेपरव्हिलची ओळख आहे. संध्याकाळी तेथे मराठीही कानी पडते. त्या समारंभांत कोण कोण बोलले, कोणाला हार घातले, हे आज कोणी सांगू शकणार नाही. तळे आणि वाट मात्र राहिली. २०३१ साली त्या शहराला दोनशे वर्षे होतील, आणि त्या तळ्यालाही शंभर.

कंपनी ही गावासारखी वागेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. तिला भागधारकांना हिशेब द्यावा लागतो. तरीही पन्नास वर्षे ज्या घरांनी तिकिटे काढली, त्यांचेही एक खाते असते. त्यात पैशांची नोंद थोडी आणि दिवसांची फार. विझर वाचला तेव्हा कंपनीने ते खाते एकदा उघडून पाहिले, आणि त्यात तिचाही तोटा झाला नाही.

आपल्याकडे काय आहे? आपली रेल्वे १९६४ साली बंद पडली. रूळ उखडले गेले, आणि कोणत्या स्थानकावर कोण उतरत असे हे सांगणारी माणसे एकेक करून गेली. २०१९ साली मेट्रोचे उद्घाटन झाले. ती बऱ्याच ठिकाणी जुन्या रेल्वेच्याच वाटेने धावते, हे तिच्यात रोज बसणाऱ्या किती मुलांना ठाऊक आहे? आपली मंडळे, बैठका, शाळा यांचेही महोत्सव येत राहतील. त्या वेळी स्मरणिकेत पाहुण्यांचे आणि देणगीदारांचे फोटो येतातच. त्याबरोबर पहिली चटई कोणी अंथरली, पहिला मृदंग कोणाच्या घरातून आला, कोणत्या मावशीने दर शनिवारी दिवाबत्ती केली, हे विचारून लिहून ठेवणारा एक तरी तरुण असावा. आणि म्हातारे कुरकुरले, ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ असे म्हणाले, तर त्यांना गप्प करू नये. कुरकुर करीत का होईना, दरवर्षी येऊन बसतो तो आपला माणूस. ज्याला काही वाटत नाही तो कुरकुरतही नाही आणि येतही नाही.

भावोजींना आम्ही उत्तर पाठवले आहे. सोहळ्याला जा, असे त्यांना लिहिले. मनात शंका असेल तर तीही बरोबर न्या. पन्नास वर्षांच्या प्रेमाला हिशेब विचारण्याचा हक्क असतो. जमल्यास कोलंबियाच्या त्या रथात बसा आणि आजीची गोष्ट मुलांना सांगा. उद्यानाची शंभरी साजरी होते की नाही, हे जमिनीचे भाव ठरवतील. आजीची आठवण ठेवणे मात्र तुमच्याच हाती आहे.

आमच्या वाचकांनाही हेच सांगणे. यंदा आपल्या गावात, मंडळात, शाळेत कसला वर्धापनदिन असेल, तर त्याआधी एक संध्याकाळ तेथल्या सर्वांत जुन्या माणसाजवळ बसावे, वही-पेन घेऊन.