संसारांतलें शास्त्र : मोटारींतील गाणें

गेल्या महिन्यांत आम्हांस नंदुरबार जिल्ह्यांतील धानोऱ्यास जाण्याचा योग आला. आमचा भाचा तेथें शिक्षक आहे, आणि आमची थोरली बहीण, जिला सारें घर आक्का म्हणतें, त्याच्याजवळ असते. दर पंधरवड्यास औषधोपचारासाठीं तिला मोटारीनें नंदुरबारास न्यावें लागतें. या प्रवासांत घडलेली एक घरगुती गोष्ट आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून या खेपेस तीच सांगावयाचें योजिलें आहे.

आक्काचें वय आतां ऐंशीच्या घरांत. लहानपणीं तिनें गाण्याची तालीम घेतली होती. पुढें संसाराच्या व्यापांत गळा मागें पडला, तरी कान तयार राहिला. हिराबाई बडोदेकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लागल्या कीं तिचें दुखणें निम्में कमी होई. अलीकडे मात्र तिला ऐकूं कमी येऊं लागलें. चिरंजीवांनीं यावर सरळ उपाय काढला : आईला ऐकूं येत नाहीं ना, मग आवाज मोठा करूं! दोन महिन्यांचा पगार खर्चून त्यानें शहरांतील एका दुकानांतून अँप्लिफायर, दारांत बसविण्याचे चार स्पीकर आणि मागें सामानाच्या जागेंत ठेवावयाचा एक भला मोठा खोका, ज्यास सबवूफर म्हणतात, असा सगळा सरंजाम गाडींत बसवून घेतला.

आम्ही गाडींत बसतांच त्यानें मोठ्या हौसेनें गाणें लावलें. कांचा थरथरल्या, छातींत धडधडूं लागलें, पण गाणें कोणतें तें कळेना. आक्कानें दोन मिनिटें सोसलें व म्हणाली, “बाळ, बंद कर रे. नुसता ढोल वाजतोय.” भाच्याचा चेहरा उतरला. संध्याकाळीं तो आम्हांस म्हणाला, “मामा, एवढा खर्च केला तो हिच्यासाठींच ना? मग चुकलें कोठें?”

चुकलें तें प्रेमांत नव्हे, समजुतींत. उतारवयांत कान सर्व स्वरांस सारखाच मंद होत नाहीं. आधीं उंच स्वर जातात. बोलण्यांतील स, श, त, फ यांसारखीं व्यंजनें याच उंच स्वरांच्या आधारानें ओळखूं येतात. म्हणून वृद्ध माणसास आवाज ऐकूं येतो, परंतु शब्द कळत नाहींत. त्यांत खर्जाचा दणका मोठा असला कीं तो वरच्या स्वरांस झांकून टाकतो. आक्कास हवा होता स्पष्ट आवाज. तिच्या मुलानें दिला मोठा आवाज. शिवाय वॅटच्या आंकड्यावर भुलूं नये. शक्ति दुप्पट केली तरी आवाज अवघा ३ डेसिबलनें वाढतो. कानास तो दुप्पट भासावा तर शक्ति सुमारें दसपट लागते. ५० वॅटच्या जागीं १०० वॅटचें यंत्र घेणाऱ्याच्या पदरीं पैशाच्या मानानें किती थोडें पडतें, हें यावरून कळेल.

मोटार ही कांहीं गाण्याची बैठक नव्हे. जागा चिंचोळी, चोहोंकडे कांच, खालीं यंत्राची व चाकांची घरघर, आणि ऐकणारा एका कुशीस बसलेला. अमेरिकेंत १९३० सालीं गॅल्व्हिन यांच्या कंपनीनें ‘मोटोरोला’ या नांवानें मोटारींतला रेडिओ बाजारांत आणला, तेव्हांपासून ही अडचण चालत आली आहे. पुढें बंगाली वंशाचे अमेरिकन प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठीं यंत्रें तयार केलीं, तीं त्या त्या गाडीचा आंतील भाग लक्षांत घेऊन केलीं. यांतलें इंगित हेंच कीं यंत्रें कितीहि भारी असोत, तीं गाडीशीं आणि ऐकणाऱ्याशीं जुळवून घ्यावीं लागतात.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. गाड्यांचें विजेचें काम जाणणाऱ्या एका कारागिरास बोलावून आम्हीं सारें उलगडून पाहिलें. पहिलीच गोष्ट पाहून आमच्या अंगावर कांटा आला. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत नेलेल्या जाड तारेस फ्यूजच नव्हता, आणि पत्र्याच्या भोंकांतून जातांना तिचें आवरण घासून तांबें दिसूं लागलें होतें! गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्यावरून ६०० वॅट घ्यावयाचे तर ५० अँपिअर प्रवाह लागतो. घरांतील साध्या प्लगवरून आपण ६ अँपिअरहि क्वचितच घेतों. अशी तार पत्र्यास टेकली तर गाडीस आग लागावयास कितीसा वेळ? याच गाडींतून आजारी आईस महिन्यांतून दोनदां न्यावयाचें होतें. म्हणून नियम असा कीं बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत, तारेस सोसेल एवढ्या मापाचा फ्यूज असलाच पाहिजे, आणि भोंकांत रबरी कडें घालावें. दुसरी तार गाडीच्या सांगाड्यास जोडतात, तेथला रंग खरवडून उघड्या धातूवर ती घट्ट आवळावी. गाण्याची बारीक तार या जाड तारेशेजारून नेऊं नये. नाहीं तर यंत्राच्या वेगाबरोबर चढणारी किणकिण ऐकूं येते. हीं कामें बॅटरीची ऋण तार सोडवून, आणि माहीतगाराकडूनच करवावीं.

मग दारें उघडलीं. स्पीकरचा पडदा पुढें येतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते व त्याच क्षणीं मागची विरळ होते. दाराच्या आंतल्या पत्र्यास भोंकें मोकळीं राहिलीं तर पुढचा दाब मागें जाऊन खर्ज जागच्या जागीं विरतो. मग लोक तो वाढविण्यासाठीं आणखी मोठा खोका आणतात! आम्हीं तीं भोंकें बुजविलीं, पावसाचें पाणी जाण्याच्या खालच्या वाटा तेवढ्या राखल्या, आणि पत्र्यास आंतून जड चिकट पट्ट्या लावल्या. दाराचा खडखडाट थांबला.

यानंतर तारांची उलटसुलट. दोहों बाजूंच्या स्पीकरांचे पडदे एकाच वेळीं पुढें व एकाच वेळीं मागें गेले पाहिजेत. एकाच्या तारा उलट जोडल्या असतील तर दोघे एकमेकांस मारक होतात. परीक्षा सोपी आहे. स्पीकर अँप्लिफायरपासून सोडवून घड्याळांतला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. धनास धन लागलें असतां पडदा बाहेर उसळतो. आमचा पुढचा डावा स्पीकर उलटा निघाला.

अँप्लिफायरवर ‘गेन’ नांवाची एक कळ असते. ती आवाज वाढविण्याची असा सार्वत्रिक समज आहे. दुकानदारानें ती शेवटापर्यंत पिळली होती. वास्तविक रेडिओ व अँप्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठीं ती असते. ती फार चढविली कीं ध्वनीच्या लहरींचे माथे कापले जातात, आवाज चिरका होतो आणि नाजूक स्पीकर जळतात. कळ अगदीं उतरवावी, रेडिओ तीन चतुर्थांश चढवावा, ओळखीचें गाणें लावून कळ हळूहळू वाढवावी, आणि आवाज फाटूं लागतांच थोडी मागें आणून तेथेंच सोडावी. पुढें रोजचें ऐकणें रेडिओच्या कळीनें, तेंहि बेतानेंच.

राहिली स्वरांची वांटणी. सुमारें ८० हर्ट्‌झच्या खालचा खर्ज खोक्याकडे व त्यावरचें सारें दारांकडे द्यावें. गाणाऱ्या स्त्रीचा गळा बहुतांशीं २०० हर्ट्‌झच्या वर फिरतो. त्याला त्या खोक्याची गरज ती किती! आम्हीं खोका डग्ग्याचा घुमारा कळेल इतकाच ठेवला. शेवटीं आक्का बसते ती जागा धरून डाव्या-उजव्याचा तोल साधला. या साऱ्यास लागला एक दिवस व किरकोळ खर्च. नवें यंत्र एकहि घेतलें नाहीं.

पुढच्या खेपेस नंदुरबारास निघालों तेव्हां गाणें पूर्वीच्या निम्म्याहूनहि हळू लावलें होतें. आक्का थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, “तंबोरा छान लागलाय रे.” पुढें ती मांडीवर बोटांनीं ताल धरून बसली. सारेच शब्द तिला कळत होते असें नाहीं. भाच्यास आम्हीं निक्षून सांगितलें, कीं यंत्र जुळविलें म्हणजे कान बरा होत नाहीं. आईचे कान तज्ज्ञाकडून तपासून घे. त्यानें त्याच फेरींत तें केलें, आणि श्रवणयंत्राचा विचार आतां घरांत चालू आहे.

तरुण वाचकांस एक विनंति. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबल आवाज मोठ्या माणसानें आठवड्यास ४० तास ऐकला तर चालतो; पुढें दर ३ डेसिबलास ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलास ५ तासच उरतात. लहान मुलांस तर याहून जपावें. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे, हेंहि लग्नसराईंत गाड्यांवर भिंतीएवढे स्पीकर रचणाऱ्यांनीं ध्यानीं धरावें. आणि गाडी हांकणाऱ्यास मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकूं आला पाहिजे, हें तर सांगणें नकोच.

आपल्या माणसांसाठीं आपण पुष्कळ खर्चतों. त्यापूर्वीं त्यांस नक्की काय हवें आहे हें एकदां विचारलें, तर अर्धा खर्च वांचतो आणि उरलेला सार्थकीं लागतो. असो. आक्काचा निरोप आहे, कीं पुढच्या खेपेस येतांना नव्या ध्वनिमुद्रिका आणाव्या.